तिसरी पातळी

माझा नवरा आन्सेल्मो अंथरुणाला खिळला. त्याच्यासमोर रडायचं नाही, म्हणून मी आमच्या रोसारियो शहरातल्या एनएलपीच्या, म्हणजे मनाला वळण लावायच्या, वर्गात नाव घातलं. पहिल्या पातळीत सरांनी आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा दिवस आठवायला सांगितला. मला आठवलं, पाराना नदीवर मासा ओढता ओढता आन्सेल्मोच होडीतून पाण्यात पडला होता. मी खदखदून हसले, आणि नेमका तेव्हाच सरांनी माझा उजवा खांदा दाबला. तीच हसायची खूण ठरली. त्यानंतर खांद्यावर हात पडला की मला हसू फुटायचंच. दुसऱ्या पातळीत अख्ख्या वर्गाने सराव म्हणून माझा खांदा दाबून दाबून ती खूण पक्की केली. मला प्रमाणपत्रही मिळालं.

परवा आन्सेल्मो गेला. मी शवपेटीजवळ उभी होते. वर्गातली माणसं एकेक करून भेटायला आली, आणि सवयीने प्रत्येकाने सांत्वनाचा हात माझ्या उजव्या खांद्यावरच ठेवला.

"भाऊ पेटीत पडलाय आणि ही फिदीफिदी हसतेय!" नणंद किंचाळली. "लाज कशी वाटत नाही गं तुला?"

डोळ्यांतून धारा वाहत होत्या आणि तोंडावरचं हसू काही केल्या थांबत नव्हतं. तेवढ्यात सरही भेटायला आले, तशी मी त्यांचे हात घट्ट धरले. "सर, पाया पडते तुमच्या, पण ही खूण आत्ताच्या आत्ता पुसून टाका!"

सरांनी हळुवारपणे माझा खांदा थोपटला.



"पुसायला तिसऱ्या पातळीत शिकवतो आपण. सोमवारपासून प्रवेश सुरू होताहेत."