आघाडीवर कोण
आयर्लंडमधल्या मलिंगार गावातल्या एका इमारतीतल्या चाळीस कुटुंबांना घरं रिकामी करण्याची नोटीस आली, तेव्हा भाडेकरूंनी विजयालक्ष्मीला अध्यक्ष केलं. लढ्याची सूत्रं तिने शेजारच्या पियूषला दिली. तो मालकाशी परस्पर तडजोड करून कॉर्क शहरात पळाला. मग तिने ती सूत्रं नवऱ्याकडे, पद्माकरकडे सोपवली. तो तीन महिने कागदपत्रंच जमवत राहिला. आज सकाळी मालकाची माणसं म्हाताऱ्या नोलनबाईंचं कुलूप बदलायला आली. तळमजल्यावरची बसड्रायव्हर ब्रिजेट दारात आडवी बसली, तेव्हाच त्यांनी माघार घेतली. संध्याकाळच्या सभेत विजयालक्ष्मीने पद्माकरच्या हातातली फाइल हिसकावून टेबलावर आपटली. "आजपासून ब्रिजेट सांगेल ते करायचं." "पिते ती. शिव्या देते," कोणीतरी कुजबुजलं. "देऊ दे! तुम्ही खिडकीतून व्हिडिओ काढत होता," विजयालक्ष्मी कडाडली. "आणखी दोनच कागद हवे होते," पद्माकर पुटपुटला. "हे घरी बोलू." "घर राहिलं, तर बोलू," विजयालक्ष्मी म्हणाली.