बैलाच्या मानेवरचा अंगठा

इतिहासाच्या बाई दरवर्षी पाचवीच्या मुलांना संग्रहालयात आणायच्या आणि चार हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या बैलापाशी हमखास रेंगाळायच्या.

बैलाच्या मानेवर तो घडवणाऱ्या कुणा पोराच्या अंगठ्याचा ठसा होता, मधोमध तिरका व्रण असलेला. बाईंच्या लेकीच्या अंगठ्यावर अगदी तस्साच व्रण होता. लेकीला जाऊन सहा वर्षं झाली होती.

मुलं पुढच्या दालनात गेली. बाईंनी काचेवर अंगठा टेकवला. “ये ना गं,” त्या पुटपुटल्या.

“बाई, काचेला हात नका लावू! पुसून पुसून जीव जातो आमचा,” म्हणत शिपाई फडकं घेऊन आला. बाईंचा डाग त्यानं पुसला. शेजारी दुसरा होता, ओल्या मातीचा, चिमुकला, तिरक्या व्रणाचा. तो काही केल्या जाईना.

“बाई, हा आतून आहे हो.”