इंचाच्या दोन रेघा

वाचकहो, एका खुणेपायी मी माझी नोकरी कशी पणास लावली, ते येथे नम्रपणे निवेदन करीत आहे.

शेंद्र्याच्या एका कारखान्यात मी भांडारपाल, अर्थात स्टोअरकीपर आहे. अर्ध्या इंचाचा बोल्ट आम्ही १/२" असाच लिहितो. परंतु नव्या सॉफ्टवेअरमध्ये त्या दोन रेघा टंकित करताच नोंद अडत असे.

"नूरभाई, रेघांपाशी मजकूर संपला असं कोडला वाटतं, नोंदीची आज्ञा, म्हणजे क्वेरी, मध्येच तुटते. रेघा देऊच नका," संगणकवाल्या अपेक्षा मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, साऱ्या डब्यांवर ह्याच रेघा हायेत. तुमचं कोड सुधरा, माझा हात नाय."

तीन महिने काहीही सुधारले नाही, बोल्टच्या नोंदी तुंबत गेल्या. अखेर संतप्त साहेबांनी मला काढण्याची नोटीस त्याच सॉफ्टवेअरमध्ये लिहावयास घेतली. 'सदर इसम हट्टाने १/२" लिहितो' येथे तीही अडली.

"मॅडम, आत्ताच्या आत्ता दुरुस्त करा!" साहेब गरजले. दहा मिनिटांत दुरुस्ती झाली, नोटीस माझ्या हाती पडली. मी तेथेच, त्यांच्यादेखत, १/२" बोल्टची नोंद केली. ती बिनबोभाट झाली.



साहेबांनी नोटीस रद्द करून परत मागितली. ती मी फ्रेम करून स्टोअरच्या भिंतीवर लावली आहे.

वाचल्याबद्दल आपला ऋणी,
नूरमोहम्मद पटेल