मांडलं म्हणजे झालं

सत्यभामाताईंनी विहिरीत वाकून पाहिलं आणि पुन्हा एकदा वाकून पाहिलं. मे महिन्याची अठरा तारीख, मुकुटबनच्या पलीकडचं पोड, म्हणजे कोलाम आदिवासींची एवढीशी वस्ती, आणि विहिरीत पाणी. तळाशी साचलेलं गढूळ नव्हे, चांगलं दोन पुरुष पाणी, नितळ.

ताई या भागाच्या आमदार. टंचाईच्या पाहणीला निघाल्या होत्या. सकाळपासून सहा गावं झाली होती आणि सहाही ठिकाणी टँकरच्या नावानं शिव्या खाऊन झाल्या होत्या. टँकर मागणाऱ्या गावांच्या यादीत या पोडाचं नावच नव्हतं. कारकुनानं झोपेत यादी केली असणार, असं म्हणत त्या चिडूनच इकडे वळल्या होत्या.

पाणी टिकलं कसं, असं त्यांनी विचारलं. तानाबाई ही पोडातली जाणती बाई. सूर्य कुठून उगवतो असं कोणी विचारल्यासारखं तिनं ताईंकडे पाहिलं.

"तुमच्याच कायद्यानं, बाई."

कुठला कायदा? ताईंना काही केल्या आठवेना. आठवणार तरी कसा? आमदारकीत त्यांनी नऊ विधेयकं मांडली होती आणि कायदा म्हणाल तर एकाचाही झाला नव्हता. एकट्या आमदाराच्या विधेयकाचं जे व्हायचं तेच व्हायचं. शुक्रवारची दुपार, अर्धं रिकामं सभागृह, ताई पोटतिडकीनं बोलायच्या. मंत्री उठून म्हणायचे, शासन सकारात्मक विचार करील. मग रीतीप्रमाणे ताई म्हणायच्या, मी विधेयक मागे घेते. झालं, संपलं. नवव्यानंतर तर त्यांनी तो नादच सोडला होता.

तानाबाईनं कमरेला खोचलेला चाव्यांचा जुडगा काढून दाखवला, तेव्हा कुठे ताईंच्या डोक्यात उजेड पडला. अरे, हे तर नववं! सार्वजनिक विहिरीच्या आसपासच्या बोअर होळीपासून पाऊस पडेपर्यंत बंद, स्टार्टरच्या पेटीला कुलूप, आणि चाव्या गावातल्या बायकांच्या ताब्यात. या चाव्यांच्या कलमावर सभागृहात खसखस पिकली होती. एक सदस्य म्हणाले होते, मग तिजोरीच्याही देऊन टाका. ताईही कसनुशा हसल्या होत्या. आणि इथे त्याच चाव्या, चांगल्या सात, एका म्हातारीच्या तळहातावर होत्या.

भानगड अशी झाली होती. तीन वर्षांपूर्वी, थंडीच्या दिवसांत, अंगणवाडीतल्या बबितानं पेपरातली बातमी बैठकीत वाचून दाखवली. आमदारांनी विधेयक मांडले. आता या पोडात मांडणं म्हणजे काय, तर सगळ्यांच्या मध्ये बसून गोष्ट बोलायची. कोणी नाही म्हटलं नाही, की तिथंच पक्की. त्याला सही लागत नाही की शिक्का. ताईंनी मांडलं, कोणी नाही म्हटल्याचं काही कानावर आलं नाही, म्हणजे कायदा झालाच की! मागे घेतल्याची बातमी कोण छापतो? होळी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी बायका कुलपं घेऊन शिवारात गेल्या. आमदारबाईचा कायदा आहे म्हटल्यावर बोअरवाल्यांनीही मुकाट्यानं पेट्यांना कुलपं लावू दिली. तीन उन्हाळे असे गेले. एकाही बाईला हंडा घेऊन कोसभर चालावं लागलं नाही.

ताईंच्या अंगावर काटा उभा राहिला. जो कागद त्यांनी स्वतःच रद्दीत काढला होता, तो इथं पाणी राखत बसला होता. कळंबच्या चिंतामणी गणपतीपुढे जुळावेत तसे त्यांचे हात विहिरीपुढे आपोआप जुळले. एवढं मोठं काही आपल्या हातून झालं असेल, यावर त्यांचा विश्वासच बसेना.

तेवढ्यात घनश्यामभाऊ पुढे आले. हे बाजूच्या गावचे शेतकरी. विहिरीला लागूनच त्यांचं आठ एकर शेत, आणि शिवारातली सगळ्यात खोल बोअर त्यांची. कुलूप लागल्यापासून त्यांचा उन्हाळी भुईमूग बंद झाला होता आणि हौसेनं लावलेली मोसंबीची झाडं वाळून गेली होती.

"तहसिलात मले सांगतलं का असा कायदाच नाही म्हणून," ते शांतपणे म्हणाले. "खरं काय ते तुमच्या तोंडून आयकाचं हाये, ताई."

सगळं पोड ताईंकडे पाहू लागलं. एका 'आहे'चं काम होतं. पाणी राहिलं असतं आणि जन्मात झालेला एकुलता एक कायदाही राहिला असता. ताईंचा जीव नुसता तुटला. पण तीन वर्षं ज्यांनी आपला शब्द पाळला, त्यांच्या तोंडावर खोटं बोलायला त्यांची जीभ रेटेना.

"नाही झाला कायदा," त्या म्हणाल्या. "मी मांडलं होतं. मग मीच ते मागे घेतलं."

तानाबाईनं जुडग्यातून त्यांच्या बोअरची चावी सोडवली आणि घनश्यामभाऊंपुढे धरली. कायदाच नाही म्हटल्यावर चावी ठेवून घेणारी ती कोण? भाऊंनी चावीकडे पाहिलं. मग आपल्या शेताकडे पाहिलं. वाळलेल्या मोसंबीचे खुंट अजून तसेच उभे होते. ताईंना बघवेना. त्यांनी मान खाली घातली.

"राहू दे तुयापाशीच, मावशी," घनश्यामभाऊ म्हणाले. "ताईनं मांगं घेतलं असन. आपण कुठी घेतलं?"