सगळे तंबू भरलेत

"मागच्या खेपेची टोपी बरी होती. ही कपाळाला करकचते," तंबूच्या दारात बसलेले सासरे पुटपुटले.

सुनेने टोपी काढून गुडघ्यावर ताणली आणि पुन्हा त्यांच्या डोक्यावर ठेवली. टोपीवर सरकारी योजनेचं नाव होतं, 'स्वस्त मुक्काम, सर्वांसाठी'. तिचा नवरा या सार्वजनिक उद्यानाच्या कचेरीत कारकून. वरून कुणी पाहणीला येणार म्हटलं की गोदामातून तंबू निघत आणि कर्मचाऱ्यांच्या घरांतून माणसं. माळ्याची सासू, वायरमनची बहीण आणि हे दोघं. टोप्या चढल्या की झाले सगळे मुक्कामी पाहुणे.

अधीक्षकांनी सकाळपासून जीव खाल्ला होता. मोकळेपणाने बसा, पण गवतावर पाय पसरू नका. आनंदी दिसा, पण दात काढू नका. तंबूत कुणी आडवं व्हायचं नाही, गादीवरचं प्लॅस्टिक चुरगळतं. शेकोटीची लाकडं छान रचली होती. धुराने कुणाला ठसका नको म्हणून आत लाल बल्ब लावला होता. किटली रिकामी. सुनेच्या हातात एक पुस्तक उघडून दिलं होतं, म्हणजे ती निसर्गात रमलेली दिसेल.

मघाशी फाटकाशी एक जोडपं आलं होतं. पाठीवर पिशव्या, खांद्यावर झोपलेली मुलगी. जाहिरात वाचून आलेली माणसं. पहारेकऱ्याने गजांमधूनच सांगितलं की सगळे तंबू भरलेत. त्या बाईने आतल्या टोपीवाल्यांकडे असं पाहिलं, जणू त्यांनीच तिच्या तोंडचा घास काढून घेतलाय. सुनेने पुस्तकात मान घातली.

पण तिचा जीव खरा अडकला होता सासऱ्यांच्या वळकटीत. उभी हयात त्यांनी बेकरीच्या भट्टीपुढे रात्रपाळी केली. आता घरी मागच्या खोलीत झोपत, जिला खिडकीच नाही. एक रात्र उघड्यावर काढायची, एवढंच त्यांचं म्हणणं. मागच्या पाहणीच्या वेळी लेकाने थाप मारली होती की पुढच्या वेळी राहू. म्हणून आज ते स्वतःची चादर-उशी बांधून घेऊन आले होते. रात्री इथे कुणी राहतच नाही, हे त्यांना कुणी सांगायचं, यावरून नवरा-बायकोत आठवडाभर ढकलाढकली चालली होती. वडील तुमचे, तुम्ही सांगा. ऐकतात तुझं, तू सांग. शेवटी कुणीच सांगितलं नाही.

मुख्यालयातून संचालक आले. अनुदान पुढे चालू ठेवायचं की नाही, ते यांच्या हातात. त्यामुळे अधीक्षक मागून असे चालत होते, की साहेबांच्या सावलीवर पाय पडला तरी माफी मागतील. संचालकांनी लाल बल्बवर हात शेकल्यासारखे धरले. फोटो निघाला. सामान्य माणसाला निसर्गाची फार ओढ असते, असं ते म्हणाले आणि बूट गवताला लागू नयेत म्हणून फरशीवरूनच पुढे वाकले.

"काय आजोबा, रात्री झोप कशी लागली?"

उत्तर पाठ करून घेतलं होतं. छान लागली, अगदी घरच्यासारखी. सुनेने हळूच 'छान' एवढी सुरुवातही करून दिली. झाडाआडून नवरा भुवया उडवत होता.

सासरे सावकाश उठले. वाकून तंबूत शिरले. गादीवरचं प्लॅस्टिक ओढून काढलं, त्याचा आवाज बाहेरपर्यंत आला. अधीक्षक पुढे झाले, पण साहेबांसमोर म्हाताऱ्याला हाताला धरून ओढणार कसं? सासरे आडवे झाले. त्यांचे दोन तळवे तेवढे दारातून दिसत होते.

"अजून लागायचीय, साहेब," ते आतून म्हणाले. "इथे आजवर कुणी झोपलेलंच नाही. तुमची मोटार वळली की ही मंडळी तंबू गुंडाळतात. आज नका गुंडाळू म्हणावं त्यांना. मी झोपतो. तुम्ही सकाळी या, मग सांगतो कशी लागली ते."