गाळलेल्या शिव्या

“लिवा मास्तर, तुह्या घशात मासोळीचा काटा अडको!”

जागेश्वर मास्तरांनी दचकून वर पाहिले. मग ही शिवी आपल्याला नसून बायाबाईच्या जावेला, शकुनला आहे, हे ध्यानात आले आणि त्यांनी कार्डावर लिहिले, ‘आपली प्रकृती ठीक असेल अशी आशा आहे.’ बायाबाई मासळीची टोपली शेजारी ठेवून शाळेच्या पायरीवर बसली होती. शकुन राहायची बोळाच्या पलीकडे. तलावातल्या मासळीच्या वाट्यावरून दोघींचे बोलणे सहा वर्षांपासून बंद होते, म्हणून बायाबाई आठवड्याला तीन कार्डे पाठवत होती.

हा उपद्व्याप मास्तरांनी स्वतःच ओढवून घेतला होता. शहात्तर साली शाळेच्या पडवीत डाकघर उघडले, ते मास्तरांच्या हवाली आणि एका वर्षाच्या बोलीवर. महिन्याला शंभर पत्रे पडली तर राहील, नाहीतर पेटी उचलून नेऊ, असे डाकखात्याचे साहेब बजावून गेले होते. आता या गावात कोण कोणाला पत्र लिहिणार? भिलाईला कामाला गेलेली पाच-सहा माणसे सोडली, तर सगळे सोयरे हाकेच्या अंतरावर. शेवटी मास्तरांनीच तोड काढली, की एकमेकांनाच लिहा. गावाला ही कल्पना फार आवडली. लिहिता येणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि त्यांनाही मास्तरांचेच अक्षर आवडे. शाळा सुटली की पत्रे मास्तरांनी लिहायची, त्यांनीच शिक्के मारायचे, घरोघर वाटायची आणि वर वाचूनही दाखवायची. त्यांच्या अगदी नाकी नऊ आले होते.

बुधराम म्हाताऱ्याने तर कहर केला. त्याला कोणीच सोयरे नव्हते.

“मलेच लिवा,” तो म्हणाला.

“काय लिवू?”

“आता मले काय मालूम? पत्र आल्यावर समजन ना!”

तरी मास्तर हटले नाहीत. डाकघर नव्हते तेव्हा गावची पत्रे दिघोरीच्या एका दुकानात पडून राहत. कोणी बाजाराला गेला आणि त्याला आठवण झाली, तरच ती गावात येत. मास्तरांना तलाठ्याच्या नोकरीसाठी आलेले मुलाखतीचे बोलावणे तारीख उलटून सहा दिवसांनी हाती पडले होते. आपल्या शाळेतून शिकून गेलेल्या एकावरही ही पाळी येऊ नये, एवढा एकच हट्ट त्यांनी धरला होता. त्यापायी ते बुधरामला सोसत होते, बायाबाईलाही सोसत होते.

वर्ष संपायला महिना उरला असताना बायाबाई तणतणत पडवीत आली.

“मास्तर, शकुन मले तलावावर पाहून हासली! ‘बरी हायेस ना बाई’ म्हने! माह्या शिव्या कोठी गेल्या?”

“अवो बाई, सरकारी कार्डावर शिव्या चालत नाही,” मास्तर वैतागून म्हणाले.

“मंग सरकारलेच इचारीन!” तिने टोपली उचलली आणि तरातरा दिघोरीच्या बाजाराची वाट धरली. आज एक कार्ड कमी लिहावे लागले, याचेच मास्तरांना बरे वाटले.

महिनाअखेर साहेब आले. त्यांनी पेटी उघडून टेबलावर ओतली. त्या दिवसाची चौदा कार्डे निघाली. सगळी एकाच अक्षरातली, सगळी याच गावची. त्यांनी वरचे कार्ड उचलले.

“पाठवणारा बुधराम, घेणारा बुधराम! मास्तर, हे टपाल आहे की पोरखेळ? गावातल्या गावात फिरलेलं एकही पत्र मी धरणार नाही.”

त्यांनी डाकघर बंद करण्याचा कागद काढून सहीसाठी पुढे सरकवला. वर्षभर लिहून लिहून मास्तरांची बोटे आखडली होती. आता मात्र त्यांचा संयम सुटला.

“सही करतो साहेब. पन उद्या एखाद्या पोराचं बोलावनं दिघोरीच्या दुकानात सडलं, तं त्याच्या मायले तुमी येऊन सांगान काय?”

साहेबांनी तो कागद सहीविनाच आपल्याकडे ओढून घेतला. मग पिशवीत हात घालून त्यांनी दुसरा एक कागद काढला. दिघोरीच्या बाजारात कोणाकडून तरी लिहवून घेतलेली तक्रार होती ती, खाली बायाबाईचा अंगठा. ‘आमचे पोस्टमास्तर माझ्या शिव्या गाळतात.’

डाकघर तर हातचे जातच होते, आता मास्तरांच्या मागे चौकशीही लागणार होती.

“हे खरं आहे?” साहेबांनी विचारले.

“खरं हाये.”

साहेबांनी बंदीचा कागद शांतपणे घडी करून परत पिशवीत टाकला. “मग माझा नाइलाज आहे. चौकशी चालू असलेलं डाकघर बंद करता येत नाही.”

“आन चौकशी किती दिवस चालन?”

“आमच्याकडे एक तक्रार मिटायला वर्ष लागतं,” साहेब पायरी उतरत म्हणाले. “दुसरी आली, तर आणखी एक वर्ष.”

डाकघर राहिले. सत्याऐंशी साली गावातला पहिला टेलिफोन बसला, तोही तिथेच. मधली सगळी वर्षे, चौकशी मिटायला आली की जागेश्वर मास्तर नव्या तक्रारीसाठी साहेबांच्या पत्त्याचे कोरे कार्ड घेऊन आपणहून बायाबाईच्या दारी जात, मांडी घालून बसत, आणि ती त्यांना घालत असलेली शिवी अन् शिवी, एकही न गाळता, सुवाच्य अक्षरात उतरवून घेत.