नासलेला शब्द

“पाच वाजता त्याची पाळी संपली. अपघात पाच वाजून सात मिनिटांनी. म्हणजे त्या वेळी तो कामगार नव्हताच, पाहुणा होता,” कारखान्याचा वकील इंग्रजीत म्हणाला. “आणि यंत्राजवळ पाहुण्यांना मनाई आहे. चूक त्याचीच.”

दुभाषी बाईंनी वाक्य न् वाक्य अपघातात गेलेल्या मुलाच्या आईला मराठीत सांगितलं. काही गाळायचं नाही, पदरचं घालायचं नाही. वीस वर्षं त्या हेच करत आल्या होत्या.

“अहो, बदली माणूस आला नव्हता म्हणून थांबला ना तो! चालू यंत्र टाकून कसा निघेल?”

बाईंनी तेही इंग्रजीत सांगितलं. आईचा वकील ताडकन उठला. “सॉफिस्ट्री!” न्यायाधीशांनी त्याला खाली बसवलं.

जेवणाच्या सुट्टीआधी निकाल लागला. चूक मुलाची.

बाहेर बाकावर आईने विचारलं, “आपला वकील काय ओरडला हो?”

“लबाडीचा युक्तिवाद, असं म्हणाला. वरून शहाणा, आतून खोटा.” एवढ्यावर थांबायचं, पण बाईंना राहवेना. “शब्द मूळचा ग्रीक. त्याच्या मुळाशी शहाणपणच आहे. आधी शहाण्या माणसाला तसं म्हणायचे, मग शिकवणाऱ्याला. पुढे ते फी घेऊन कुठलीही बाजू जिंकायला शिकवू लागले, आणि शब्द नासला.”

“कधी झालं हे?”

“झाली की दोन हजारांवर वर्षं.”

आई कसनुशी हसली. “अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे तर गाडी भरून घेऊन गेला मेला.”

कारकून कागद घेऊन आला. ‘निकाल समजावून सांगितला’ याखाली बाईंनी सही केली. ‘निकाल समजला’ याखाली आईने करायची होती. तिने पेन घेतलं, पण कागदावर टेकवलं नाही.

“बाई, कारखान्याच्या वकिलाचं बोलणं तुम्ही किती सरळ करून सांगितलंत.”

“माझं कामच आहे ते.”

“हो ना. म्हणून तर.” आईची नजर कागदावरच होती. “क्षणभर मला पटलं हो. वाटलं, माझ्या पोराचंच चुकलं.”